प्लाय कापून आणला की माप चुकतं, कड फुटते : कुठून बघायला सुरुवात करायची

जळगाव-भुसावळकडे आता बरेच जण घरचं छोटं फर्निचर स्वतःच करायला लागलेत, ओट्याखालचे कप्पे, पोरांचं अभ्यासाचं टेबल, टीव्हीचं युनिट. प्लाय एकतर दुकानात कापून घेतात नाहीतर कटर मशीन, म्हणजे चार इंची मार्बल कटर, आणून अंगणात कापतात, आणि जोडायला बसले की काहीच जुळत नाही. मग ते तुकडे टेम्पोत टाकून माझ्या वर्कशॉपला येतात. मी फर्निचरचंच काम करतो आणि असे तुकडे दुरुस्त करून द्यायचं काम सारखंच येतं. माणसं वेगळी, गावं वेगळी, कधी अमळनेर कधी चोपडा कधी पार धुळ्याहून, पण चूक फिरून फिरून त्याच चार-पाच जागी सापडते. एवढा महागाचा माल वाया जाताना बघून जीव तुटतो म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

आधी तुमचं लक्षण कुठलं ते बघा

कापलेल्या कडेला टवके उडालेत, पण फक्त एकाच बाजूला. दुसरी बाजू साफ आहे.

दोन्ही बाजूंना टवके आहेत, कड दातेरी झालीय, हात फिरवला की फास लागते.

पहिले तुकडे बरोबर आहेत आणि शेवटचा एक-दोन सूत (एक सूत म्हणजे साधारण ३ एमएम) कमी भरतोय. किंवा सगळेच सारखे कमी आहेत.

माप बरोबर आहे पण कपाट उभं केलं की तिरपं दिसतं, दाराची फट वर बारीक आणि खाली मोठी.

कडेवर काळे डाग आहेत, जळल्याचा वास येतो.

काप नागमोडी गेलाय, किंवा सुरुवातीला रेषेवर आणि पुढे रेषा सोडून.

काप संपत आला की ब्लेड अडकतं आणि शेवटचा कोपरा मोडून पडतो.

कडेत पोकळ्या दिसतात, थर सुटलेत.

यातली एकाहून जास्त लक्षणं एकदम असू शकतात. तरी खालच्या क्रमानेच बघत या, कारण वरच्या गोष्टींना पैसा लागत नाही, पाच-दहा मिनिटं लागतात, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक कामं पहिल्या तीन-चार तपासण्यांतच सुटतात. मशीनपर्यंत जायची वेळ कमीच येते.

टेप आणि फूट-एमएमचा घोळ

पहिलं हे बघा की माप सांगताना कुठल्या भाषेत सांगितलं. मिस्त्री फूट, इंच, सूत बोलतो, आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३ एमएम. मॉड्युलर किचनचं सामान, चॅनेल, बास्केट, बिजागऱ्या हे सगळं एमएममध्ये येतं. आणि दुकानातला कापणारा मुलगा जे कानावर पडेल ते त्याच्या हिशोबाने लावतो. तुम्ही म्हणालात दोन फूट, त्याने ६०० एमएम लावलं. दोन फूट म्हणजे जवळपास ६१० एमएम, इथेच तीन सूत गेले. तुमच्या डोक्यात ६०० होतं आणि त्याने फुटात कापलं तर तुकडा तेवढाच मोठा येतो. दोघांपैकी कोणीच खोटं बोललेलं नसतं आणि तरी भांडण होतं. म्हणून कागदावर फक्त एमएम लिहा, सगळी मापं, आणि कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहून ठेवा.

दुसरं, टेप एकच वापरा. दुकानातला टेप आणि घरचा टेप शेजारी शेजारी ताणून बघा, जुना टेप असेल तर पुढचा हुक वाकलेला असतो. हुक थोडा हलतो तो मात्र बिघाड समजू नका, हुकाच्या पत्र्याची जाडी भरून निघावी म्हणून तो मुद्दाम तेवढा ढिला ठेवलेला असतो, काहीजण तो ठोकून घट्ट करतात आणि मग आतलं माप वेगळं बाहेरचं वेगळं येत राहतं. शंका असेल तर १०० एमएमच्या खुणेपासून मोजायला सुरुवात करा आणि शेवटी १०० वजा करा.

ब्लेड खातं ते हिशोबात धरलंय का

शेवटचा तुकडा कमी भरला की लोक दुकानदाराला दोष देतात. पण ब्लेडला जाडी असते, प्रत्येक काप तेवढं लाकूड भुसा करून टाकतो. टेबल सॉचं, म्हणजे टेबलात ब्लेड बसवलेल्या मशीनचं, नेहमीचं ब्लेड ३ एमएमच्या आसपास खातं, म्हणजे एका कापाला एक सूत धरून चाला. आता शीट असतं २४४० बाय १२२० एमएम, ज्याला आपण आठ बाय चार म्हणतो. चार फुटांतून एक-एक फुटाच्या चार पट्ट्या काढायच्या म्हटलं तर तीन काप लागतात, ९ एमएम भुशात गेले, उरले १२११, प्रत्येकी ३०३ सुद्धा पूर्ण भरत नाही. एक फूट म्हणजे ३०५ जवळपास. चार पूर्ण फुटी पट्ट्या निघूच शकत नाहीत, कोणीही कापल्या तरी. कापणाऱ्याने पहिल्या तीन बरोबर दिल्या तर चौथीला सगळी तूट एकदम बसते.

यावर उपाय घरूनच करून जायचा. शीटचं चित्र कागदावर काढा, प्रत्येक कापाला ३ एमएम सोडा, आणि ज्या फळ्या एकमेकींशी जुळायला हव्यात, म्हणजे दोन साइड, सगळ्या शेल्फ, त्या एकाच सेटिंगवर लागोपाठ कापायला सांगा. मशीनची पट्टी, म्हणजे जिला टेकवून शीट पुढे सरकवतात ती, एकदा लावली की हलवायची नाही. मग माप अर्धा एमएम चुकलं तरी सगळ्यांचं सारखंच चुकतं आणि कपाट चौकोनीच उभं राहतं. तीन शेल्फ तीन वेगळ्या वेळी कापले तर तीन वेगळे येतात.

हाताच्या मशीनने कापत असाल तर रेषा कुठल्या बाजूने ठेवायची ते आधीच ठरवा. जो भाग टाकायचा त्याच्यावर फुली मारा आणि ब्लेड फुलीच्या बाजूला ठेवा, रेषा तुमच्या तुकड्यावर अर्धी दिसली पाहिजे. रेषेवरून मधोमध गेलात की दीड एमएम गेलंच.

अजून एक, प्लायची जाडी मोजा. १८ एमएम म्हणून घेतलेलं शीट प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त असतं. शेल्फची लांबी काढताना आपण बाहेरच्या मापातून दोन साइडची जाडी वजा करतो, ती छापील आकड्याने नको, हातातल्या शीटला कॅलिपर लावून करा. वरून मायका (सनमायका) चिकटवणार असाल तर तोही धरा, दोन्ही बाजूंनी १ एमएमचा लावला की १८ चे २० झाले.

चांगली बाजू वर ठेवायची की खाली

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण एका बाजूचे टवके म्हणजे जवळजवळ नेहमी हेच. प्लायचा वरचा थर, फेस, अगदी कागदासारखा पातळ असतो. ब्लेडचा दात लाकडात शिरताना मागच्या थरांचा आधार असतो म्हणून तिथे साफ कापतो, आणि दात जिथून बाहेर पडतो तिथे त्या पातळ थराला मागून कुणी धरलेलं नसतं, म्हणून तो उचकटतो. म्हणजे दात कुठून बाहेर पडतो एवढंच समजून घ्यायचं.

हातातली सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची करवत मशीन) किंवा कटर मशीन, यात दात खालून वर येतो. टवके वर उडतात. चांगली बाजू खाली ठेवा.

टेबल सॉ, जिथे ब्लेड टेबलातून वर आलेलं असतं आणि आपण शीट ढकलतो, तिथे दात वरून खाली जातो. टवके खालच्या बाजूला. चांगली बाजू वर.

जिगसॉचं, म्हणजे बारीक उभं ब्लेड वर-खाली चालणाऱ्या मशीनचं, नेहमीचं ब्लेड वर ओढताना कापतं, म्हणजे चांगली बाजू खाली. हातकरवत आपली ढकलताना कापते, तिथे चांगली बाजू वर.

बस, एवढं बदललं तरी निम्मे लोक परत येत नाहीत. दुकानात मोठी पॅनल सॉ, म्हणजे अख्खं शीट कापायचं मशीन, असेल तर तिला मेन ब्लेडच्या आधी एक छोटं स्कोअरिंग ब्लेड असतं, ते खालच्या थराला आधीच बारीक चीर पाडून ठेवतं म्हणून दोन्ही बाजू साफ येतात. मशीनला ते ब्लेड असूनही खाली टवके आलेत तर स्कोअरिंग बंद आहे किंवा मेन ब्लेडच्या रेषेत नाही, कापणाऱ्याला सरळ विचारा, बरेचदा घाईत ते चालू करायचं राहून जातं.

घरी कापताना रेषेवर मास्किंग टेप दाबून चिकटवा, त्यावर रेषा काढा, आणि स्टीलची पट्टी ठेवून कटर चाकूने रेषेवरून दोन-तीनदा जोर देऊन ओढा, फेसचा थर कापला गेला पाहिजे. मग मशीन त्या चिरेच्या बाहेरून टाकायच्या बाजूला लागून चालवा. टवका उडायला लागला तरी चिरेपाशी येऊन थांबतो. टेप काढताना कापाच्या दिशेने खेचा, उलटा खेचला तर टेपच फेस उचलून आणतो.

आणि रेषांची दिशा बघा. फेसच्या रेषा साधारण शीटच्या लांबीत, आठ फुटात जातात. त्यांच्याबरोबर उभा काप घेतला तर फार त्रास होत नाही, आडवा घेतला की तंतू तुटतात आणि टवके तिथेच जास्त. चाकूची चीर आडव्या कापाला तरी नक्की मारा. शेल्फ लांब असेल तर रेषा शेल्फच्या लांबीतच हव्यात नाहीतर वजनाने मधे लवकर झुकतो. दुकानात शीट वाचवायला तुकडे कसेही फिरवून बसवतात म्हणून तुमच्या चित्रात प्रत्येक तुकड्यावर बाण काढा.

शीटला खालून आधार

काप संपताना कोपरा मोडतो किंवा ब्लेड मधेच चावतं, हे आधाराचं लक्षण. दोन स्टुलांवर शीट ठेवून मधून कापलं की दोन्ही तुकडे मधे झुकतात, कापाची फट वरून मिटते आणि ब्लेडला चिमटा बसतो. मशीन झटक्यात मागे, तुमच्या अंगावर येते. कटरचे जे अपघात होतात त्यात हा प्रकार फार. टोकाला तुकडा लटकत ठेवला तर शेवटचा इंच कापला न जाता स्वतःच्या वजनाने फाटतो. १८ एमएमचं पूर्ण शीट ३२ ते ३८ किलोपर्यंत भरतं, ते काही थोडं वजन नाही.

म्हणून जमिनीवरच कापा. खाली जाड थर्माकोल शीट पसरा किंवा सारख्या जाडीच्या चार पट्ट्या ठेवा, कापाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे कापून झाल्यावरही दोन्ही तुकडे आपापल्या जागी सपाट पडून राहिले पाहिजेत. ब्लेडची खोली प्लायच्या खाली ५-६ एमएम निघेल एवढीच ठेवा.

शीट मुळात वाकलेलं असेल तर आधार देऊनही काप सरळ येत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमधे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि लोक शीट आणून गच्चीवर नाहीतर पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवतात. ऊन लागलेली बाजू सुकून आक्रसते आणि शीट त्या बाजूला वाटीसारखं होतं. घरात सावलीत, जमिनीवर पट्ट्या टाकून आडवं ठेवा आणि वर दुसरं शीट ठेवून दाब द्या, थोडा बाक असेल तर काही दिवसांत उतरतो. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवलं तरी तेच, फक्त उलट बाजूला.

काटकोन आणि पहिली कड

माप बरोबर आणि कपाट तिरपं, म्हणजे काटकोन गेला. तपासायला मशीन लागत नाही. तुकड्याचे दोन्ही कर्ण मोजा, समोरासमोरचे कोपरे, दोन्ही सारखे आले तर चौकोन बरोबर. पूर्ण शीटचा कर्ण २७२८ एमएम यायला हवा, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे येणं महत्त्वाचं. एकाच कोपऱ्याचा संशय असेल तर एका कडेवर ६०० एमएमची खूण करा, दुसरीवर ४५०, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ७५० यायला हवं. मोठ्या तुकड्याला ९००, १२००, १५०० घ्या, जेवढं मोठं तेवढी चूक स्पष्ट दिसते. छोट्या गुण्याने, म्हणजे काटकोन बघायच्या साधनाने, मोठा तुकडा तपासू नका. एका अंशाची चूक गुण्याच्या पात्याजवळ केसाएवढी दिसते आणि दोन फुटांवर १० एमएम होते, तीन सूत.

आता यातलं खरं कारण. बरेच जण प्रत्येक माप जवळच्या कडेवरून घेतात, एक इकडून, दुसरं तिकडून, तिसरं आत्ताच कापलेल्या कडेवरून. शीटच्या कारखान्याच्या कडा साधारण सरळ असतात पण उतरवताना कोपरे ठेचतात, कडा दबतात. म्हणून पहिला काप तुकड्याचा घेऊच नका. पहिला काप फक्त कड साफ करायला, ५ एमएम घालवा पण एक लांब कड शंभर टक्के सरळ करा. दुसरा काप तिला काटकोनात. त्या दोन कडांवर पेन्सिलने खूण करा आणि त्यापुढे प्रत्येक माप, प्रत्येक गुण्या, फक्त त्याच दोन कडांवरून. लोकांना ५ एमएम घालवणं जिवावर येतं, पण माझ्याकडे आलेल्या तिरप्या कपाटांमधे सगळ्यात जास्त वेळा हेच राहिलेलं असतं.

घरी काप सरळ न्यायला मशीन हाताने रेषेवर नेऊ नका, कितीही सराव असला तरी चार फुटांत हात वळतो. प्लायचीच एक सरळ कड असलेली पट्टी दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळा आणि मशीनची बेस प्लेट तिला घासत न्या. बेसच्या कडेपासून ब्लेडच्या दातापर्यंत किती अंतर आहे ते भंगार तुकड्यावर कापून एकदाच मोजून ठेवा, पट्टी रेषेपासून तेवढी लांब लावायची. पट्टी मधे झुकतेय का तेही बघा, पातळ पट्टी मशीनच्या दाबाने मधे वाकते आणि काप धनुष्यासारखा येतो.

दोन तुकडे कडेला कड लावल्यावर एका बाजूने मिटतात आणि दुसरीकडून फट दिसते, तर ब्लेड उभं नाही. बेस प्लेटचा कोनाचा स्क्रू ढिला होतो. प्लग काढून, ब्लेड आणि बेसमधे गुण्या लावून बघा आणि परत आवळा.

ब्लेड

इथून पुढे थोडा खर्च येतो. दोन्ही बाजूंना टवके, काळे डाग, मशीनला ढकलावं लागतंय, तर ब्लेड बघा. प्लग काढूनच. प्लायमधला गोंद रेझिनचा असतो आणि तो साध्या स्टीलच्या दाताची धार लवकर खातो, म्हणून टीसीटी ब्लेडच लागतं, ज्याच्या दाताच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो. दात कमी असतील, २० नाहीतर २४, तर ते फळी फाडायचं ब्लेड, प्लायचा फेस उचकटणारच. चार इंची कटरला ४० दात, सात इंचीला ४० ते ६० घ्या.

नवीन घ्यायच्या आधी जुनं साफ करून बघा. दातांच्या मागे तपकिरी डांबरासारखा थर बसतो, त्यानेच घर्षण वाढून कड जळते. कोमट पाण्यात कपड्याची पावडर टाकून अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसून लगेच वाळवा. बरीच ब्लेडं यात परत कापायला लागतात. दाताचं टोक उडालेलं किंवा गोल झालेलं दिसलं तर धार लावून आणा किंवा बदला. ब्लेडवरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला आहेत का, हेही बघा, उलटं बसवलेलं ब्लेड घेऊन लोक आलेत.

ब्लेडवर जास्तीत जास्त किती आरपीएम चालेल ते छापलेलं असतं. मार्बल कटर १२-१३ हजार आरपीएमच्या आसपास फिरतो, सात इंची सर्क्युलर सॉ साधारण ५ हजार. मोठ्या मशीनचं ब्लेड जुगाड करून वेगवान मशीनवर चढवू नका. आणि अँगल ग्राइंडरला दाते असलेलं लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापणं, हे मी हात जोडून सांगतो, करू नका. मार्बल कटरला पण खालून आपोआप मिटणारा गार्ड बहुतेक नसतो, त्यामुळे जमत असेल तर कामापुरती सर्क्युलर सॉ भाड्याने आणा.

कापताना गळ्यातला रुमाल किंवा गमछा काढून ठेवा, उन्हाने सगळेच बांधतात पण फिरणाऱ्या ब्लेडजवळ तो नको. शर्टाची बाही वर. हातमोजे पण नकोत, ब्लेड मोज्यासकट हात ओढतं. डोळ्याला चष्मा आणि नाकाला मास्क मात्र हवाच, प्लायचा भुसा बारीक असतो आणि त्यात गोंद असतो.

वीज

ब्लेड चांगलं आहे तरी मशीन दबतेय, आवाज जड होतोय, कड जळतेय, तर करंट कमी पडतोय. १४०० वॅटची मशीन २३० व्होल्टवर ६ अँपिअर घेते. घरातलं टेबल फॅनचं बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावून ती अंगणात नेली की वायरमधेच व्होल्टेज पडतं. किमान १.५ स्क्वेअर एमएमची तीन कोरची वायर घ्या, अंतर २०-२५ मीटरच्या पुढे असेल तर २.५ ची, आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. खेड्यात शेतातल्या मोटरी चालू झाल्या की घरातला दिवा सुद्धा मंद होतो, अशा वेळेला कापूच नका, मोटर जळायचं काम आहे. रावेर-यावलकडचे लोक मला सांगतात की मशीन खराब निघाली, आणि तीच मशीन माझ्याकडे व्यवस्थित चालते.

प्लायच खराब असेल तर

कडेत पोकळ्या दिसल्या, आतला थर एकावर एक चढलेला दिसला किंवा थर बोटाने उचकटतायत, तर कापण्याचा काही दोष नाही. ब्लेड पोकळीवर आलं की झटका बसतो आणि फेस तिथे आत तुटतो. घेतानाच शीटवर ठिकठिकाणी बोटाच्या पेराने टकटक करा, पोकळ जागी आवाज बदलतो. शिक्का बघा, आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा, त्यात एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन ग्रेड, आणि आयएस ७१० मरीनचा. सिंकखाली एमआर लावू नका. पहिला काप घेतल्यावर आत मोठी पोकळी दिसली तर तिथेच थांबा, फोटो काढा, बाकीचं शीट न कापता दुकानात न्या. सगळे तुकडे करून नेलं तर कोण परत घेणार.

कुठे थांबायचं

ब्लेड हाताने फिरवल्यावर डुलतंय किंवा शाफ्टला खेळ आहे : बेअरिंग गेलंय, मशीन दुरुस्तीवाल्याकडे. मोटरमधून जळका वास, किंवा मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या : लगेच बंद, कार्बन ब्रश किंवा आर्मेचर तपासून घ्यायचं. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात : प्लग काढा आणि वायरमनला बोलवा, त्याआधी एकही काप नाही.

टेबल सॉवर कड एका बाजूने जळते आणि तुकडा पुढे रुंद मागे अरुंद येतो, तर ब्लेड आणि पट्टी समांतर नाहीत. ती सेटिंग ज्याला येते त्यानेच करावी, कारण पट्टी ब्लेडकडे झुकलेली असली तर तुकडा चेपून गोळीसारखा मागे येतो. दुकानाच्या मशीनवर असं दिसलं तर तिथे कापून घेऊच नका.

दोन्ही बाजूंनी मायका लागलेलं शीट, ४५ अंशाचे काप, आणि एक फुटापेक्षा लहान तुकडे टेबल सॉवर, ही तीन कामं घरी करू नका. स्लायडिंग पॅनल सॉ असलेल्या वर्कशॉपला द्या, कापामागे पैसे घेतात पण मायका फुटला तर त्याच्या कितीतरी पट जातात.

दुकानात कापून घेताना काप दोन प्रकारचे असतात हे लक्षात ठेवा, एक गाडीत बसावं म्हणून आणि एक फायनल मापाचा. उभी करवत किंवा कटरने गेटपाशी कापून देतात तो पहिला प्रकार, त्याला १० एमएम जास्त सांगा आणि घरी नीट करा. फायनल काप फक्त पॅनल सॉवर, आणि पहिला तुकडा निघाला की तिथेच कर्ण मोजा. आमच्याकडे एक जुने मिस्त्री गिऱ्हाइकाला म्हणायचे, आधी मोजी ले भाऊ, मंग गाडी भर. निघून गेल्यावर तक्रार ऐकायला कोणालाच वेळ नसतो.

आधीच कापून झालंय, आता काय

एक-दोन सूत कमी आहे तर बहुतेक तुकडा वाचतो. समोरच्या कडेला सागाची किंवा तत्सम लाकडाची बीडिंग पट्टी लावा, फेव्हिकॉल आणि बारीक खिळे, रात्रभर दाबून ठेवा आणि रंध्याने सपाट करा. तशी पण प्लायची उघडी कड झाकायला पट्टी लागतेच. बारीक टवके असतील आणि वरून मायका बसणार असेल तर लाकडाचा बारीक भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर. मायका लावणार नसाल तर टवक्याची बाजू आत करा. तिरपा तुकडा घासून सरळ करत बसू नका, एक कड सरळ करून त्याच्याहून लहान मापात परत कापा, मोठा शेल्फ लहान कप्प्याला जातो. चारही साइड सारख्याच प्रमाणात कमी असतील तर कपाटाचं बाहेरचं मापच तेवढं कमी करा, १० एमएम भिंतीशी सोडले तर कुणाला दिसत नाही. थर सुटलेला तुकडा मात्र वजनाच्या जागी लावू नका, ड्रॉवरच्या आतल्या पार्टिशनला ठेवा नाहीतर पुढच्या वेळी मशीनचं सेटिंग बघायला भंगार तुकडा म्हणून बाजूला ठेवा.